पिचकारीच्या पोटातला जीव

माझ्यासोबत गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका माणसावर असा ठपका आला होता, की त्यानं विहिरीतला किडा समुद्रातल्या प्राण्याच्या पोटात घातला आणि मोठा शोध लावल्याचा आव आणला. हा ठपका खोटा होता. तो खोटा आहे हे नक्की माहीत असलेली माणसं तेव्हा दोनच होती, तो आणि मी. तो आता नाही. माझंही वय असं आहे की काम पुढं ढकलण्यात अर्थ राहिलेला नाही. म्हणून जे घडलं ते लिहितो.

मी औराद तालुक्यातला, शेतकरी घरातला. तो कमलनगरच्या बाजूच्या खेड्यातला. त्याच्या वडिलांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतलेला. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं. कॉलेजात शिकवणारी बहुतेक मंडळी कन्नड बोलणारी, काही उर्दू. मराठी आम्ही दोघंच. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होता. माझी नोकरी पक्की होती, त्याची तात्पुरती. दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा वर्षभराची नेमणूक. त्या वर्षी मात्र एक जागा कायम व्हायची होती आणि ती त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. चारचौघांत तो मला सर म्हणायचा. दोघंच असलो की अण्णा.

त्या वर्षी हिवाळ्यात मुलांची सहल घेऊन आम्ही कारवारला गेलो. सोलापूर, विजापूर, गदग, हुबळी करत रेल्वेनं, पुढं बसनं घाट उतरून. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. मी आणि तोही त्यातलेच. समुद्राचे प्राणी आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं काढून शिकवत होतो.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर चामड्याच्या लहान पिशव्यांसारखं काहीतरी चिकटलेलं असतं. बघणाऱ्याला तो दगडाचाच भाग वाटावा. बोटानं दाबलं की वरच्या तोंडातून पाण्याची चिळकांडी उडते. पुस्तकात त्याचं नाव ॲसिडियन. आमच्या पोरांनी जागच्या जागी त्याला पिचकारी म्हणून टाकलं आणि दिवसभर एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवलं. तो मात्र गुडघाभर पाण्यात उभा राहून चाकूनं पिचकाऱ्या सोडवत होता. संध्याकाळी एक मोठी बरणी भरली, त्यावर प्राणी टिकवायचं फॉर्मॅलिन ओतलं, आणि ती मांडीवर धरूनच तो गुलबर्ग्यापर्यंत आला.

पिचकारीच्या आत एक जाळीदार पिशवी असते. समुद्राचं पाणी एका तोंडानं आत येतं, जाळीतून गाळलं जातं, दुसऱ्या तोंडानं बाहेर जातं. प्राणी अन्न मिळवतो ते याच गाळण्यावर. मुलांना ती जाळी दाखवावी म्हणून त्यानं एक पिचकारी कातरीनं उभी चिरली आणि खालच्या ताटलीकडं बघत थांबला.

"अण्णा, जरा इकडं या. हितं कोण बसलंय बघा."

जाळीच्या घडीत तिळाएवढं फिकट काहीतरी होतं. त्यानं बाभळीच्या काट्यानं ते अलगद सोडवलं. आमच्याकडं चांगल्या सुया नव्हत्या. तो गावाकडून येताना बाभळीचे काटे आणायचा आणि काडीला बांधून वापरायचा. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर दिसलं, की तो कोपेपॉड आहे. कोपेपॉड म्हणजे झिंगे-खेकड्यांच्या गोतातलेच अगदी बारीक जीव, वल्ह्यासारख्या पायांनी पाण्यात उड्या मारत फिरणारे. आमच्या भागात विहिरीच्या पाण्यात असतो तो सायक्लॉप त्याच गोतातला. सायक्लॉपच्या कपाळावर एकच तांबडा डोळा असतो, आणि मादी अंड्यांच्या दोन पिशव्या शेपटीच्या दोन बाजूंना कावडीसारख्या लटकवून हिंडते. पिचकारीतली ही मादी वेगळी होती. तिला बाहेर पिशव्या नव्हत्या. तिची पाठच कुबडासारखी फुगलेली, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत अंडी. पाय बारके झालेले. शेपटीच्या टोकाला आकड्या.

"बाया शेतात जाताना पोरगं पाठीला बांधतात तसं," मी म्हणालो.

"बांधलेलं न्हाई हो. पाठीतच खोली काढलीय. हिला कुठं जायचंच न्हाई ना, घर मिळालंय. पाय वापरायचे न्हाईत, नुसतं धरून बसायचं." तो हसत होता. "पण नाव काय हिचं?"

ते सोपं नव्हतं. आमच्या ग्रंथालयात एक जुनं जाड पुस्तक होतं. त्यावरून घराणं कळलं, पुढचं कळेना. या जिवांची ओळख पटते ती पायांवरून. एकेक पाय सोडवून, काचेवर पसरून, त्यावरचे केस पाहावे लागतात, आणि शेवटी गाठ पडते ती पाचव्या पायाशी. तो पाय एवढासा, नावापुरता उरलेला.

"म्हंजे हितं बी जात पायापाशीच बघत्यात," तो म्हणाला. मी मोठ्यानं हसलो. मला त्याचे असले विनोद आवडायचे. मी ते इतरांना सांगायचो, आणि आपण किती मोकळे आहोत असं मला वाटायचं.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

आमच्या विभागात नळाचं पाणी भरलेला एक माठ होता. सगळे त्यातलं पाणी प्यायचे, तोही. मी प्यायचो नाही. मी माझी सुरई वेगळी ठेवत होतो, खिडकीत, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी राहायचो त्या घराच्या मागं पायऱ्यांची विहीर होती. रोज सकाळी तिचं पाणी आणून सुरई भरायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, मागं कावीळ झाली होती, डॉक्टरनं उकळून गाळलेलंच पाणी प्यायला सांगितलंय. कावीळ झाली होती हे खरं. बाकी खोटं. उकळायला माझ्याकडं साधा स्टोव्हही नव्हता. तो विभागात आला तेव्हापासून माझी सुरई आली, त्याआधी मी माठातलंच पाणी पीत होतो. मला कुणी शपथ घातली नव्हती. आईवर ढकलता आलं असतं, पण तिला गुलबर्ग्यात मी काय पितो ते माहीतही नव्हतं. हॉटेलात मी त्याच्याशेजारी बसून चहा घ्यायचो, डबाही शेजारी बसून खायचो, दोघांचे डबे वेगळे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये समतेवर भाषण केलं होतं आणि ते लोकांना आवडलं होतं. फक्त त्याच्या हातानं बुडवलेल्या तांब्यातलं पाणी माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. यापेक्षा चांगलं कारण माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं.

एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला बाहेरगावचे परीक्षक यायचे होते. ते गृहस्थ कोपेपॉडचे जाणकार. त्यानं ठरवलं, की ओळख पटवायला तेच बरे. त्यांनी होय म्हटलं तर हा जीव रीतसर नोंदवला जाईल, आणि जूनच्या मुलाखतीत विचारायला कुणाला काही उरणार नाही. एका पाठोपाठ एक चिरलेल्या पिचकाऱ्या त्यानं पाण्यात धुऊन काचेच्या बशीत मांडल्या, आतले जीव जागच्या जागी ठेवून, म्हणजे परीक्षकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं. एक मादी त्यानं आधीच सोडवून पाय काचपट्टीवर पसरले होते. मग तो जयंतीसाठी गावाला गेला. दरवर्षी जायचा, मिरवणुकीचं काम त्याच्याकडं असायचं.

"अण्णा, बशीकडं जरा ध्यान ठिवा. सुकू देऊ नका," एवढं सांगून गेला.

गुलबर्ग्याचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत गेलो तर बशी जवळजवळ कोरडी. पिचकाऱ्यांच्या कडा वाळल्या कातड्यासारख्या आखडलेल्या. शुद्ध पाण्याचा कॅन रिकामा. मी शिपायाला हाक मारली.

"साब, नल कू पानी नै," तो दारातूनच म्हणाला. "कल आताय बोल रै."

माठात पाणी होतं. मी माठाकडं गेलो नाही. विचार करून गेलो नाही असंही नाही. इतक्या दिवसांत माझे पाय तिकडं वळायचं विसरलेच होते. मी खिडकीतली सुरई उचलली आणि बशीत ओतली. कडा मऊ झाल्या. त्याचं काम वाचवलं, याचं मला समाधान वाटलं. जो माणूस सायक्लॉपचं चित्र फळ्यावर काढून विहिरीच्या पाण्यातल्या सायक्लॉपमधून नारूचा जंत अंगात कसा शिरतो ते मुलांना शिकवत होता, त्याच्या मनात एवढंही आलं नाही, की आपल्या सुरईत विहिरीचं कच्चं पाणी आहे. मी ते पाणी चांगलं समजूनच पीत होतो.

तो परत आला त्याच दिवशी सकाळी परीक्षा सुरू झाली होती. दुपारी परीक्षक मोकळे झाले. विभागप्रमुख, आम्ही दोघं आणि परीक्षा संपलेली काही मुलं भोवती जमली. परीक्षकांनी नळीनं बशीतला थेंब घेतला, काचेवर सोडला, डोळा लावला. आणि हसले.

"हा तर सायक्लॉप आहे. दोन पिशव्या अगदी स्पष्ट. हा गोड्या पाण्यातला, विहिरीतला. समुद्राच्या प्राण्यात हा कसा आला?"

त्यानं वाकून पाहिलं. त्याचा चेहरा मला आठवतो. तो गोंधळला नव्हता. त्याला दिसलं ते त्यानं एका क्षणात ओळखलं, आणि म्हणूनच तो पांढरा पडला. "सर, हा नाही. दुसरा आहे, आतमध्ये आहे," म्हणत तो काट्यानं पिचकारीची जाळी उलगडू लागला. जाळी चिकटून गेली होती. आतले जीव सुकताना चिरडले गेले होते. निघाले ते चोथ्यासारखे. काचपट्टी दाखवली. उन्हाळ्यानं तिच्यातलं ग्लिसरीन ओघळून पाय एकावर एक चढले होते. परीक्षक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "नुसत्या तुकड्यांवरून मी काही सांगू शकत नाही. आणि बशीत हे सापडल्यावर तर नाहीच."

विभागप्रमुख मुलांकडं वळून म्हणाले, "बघा, कारवारच्या समुद्रात कमलनगरची विहीर सापडली!"

मुलं हसली. कन्नडमध्ये कुणीतरी पुढं काही जोडलं, त्यावर आणखी हसली. मीही हसलो. तिथं सगळेच हसत होते.

"सर, बरणीत अजून पिचकाऱ्या आहेत," तो म्हणाला. "तुमच्यासमोर एक चिरतो. आत्ता."

प्रमुखांनी बरणी उचलून संग्रहाच्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. "पुन्हा त्यात काय निघेल, आणि ते आत कुणी घातलं असेल, आम्ही कसं सांगणार? घाई बरी नव्हे. तुम्हा लोकांना सगळं लवकर पाहिजे असतं."

परीक्षक मानधनाचं पाकीट घेऊन स्टेशनवर गेले. तो तिथंच राहिला. मी वर्ग संपवून आलो तेव्हा तो माठातलं पाणी थेंबाथेंबानं काचेवर घेऊन बघत होता. कितीतरी थेंब त्यानं पाहिले असतील. नळाच्या पाण्यात औषध घातलेलं असायचं. त्यात काहीच नव्हतं. मी आल्याचं त्याला कळलं. त्यानं डोळा काढला नाही.

"अण्णा, तुमच्या सुरईतलं वाईच पाणी द्या."

"माझं पाणी उकळून गाळलेलं असतंय. तुला ठाऊक हाय की."

"व्हय," तो म्हणाला. "ठाऊक हाय."

तो हात पुढं करून सुरई घेऊ शकला असता. ती त्याच्यापासून चार हातांवर होती. त्यानं घेतली नाही. तो काचा धुऊन निघून गेला. तो गेल्यावर मी सुरई कडुनिंबाच्या बुडाशी रिकामी केली आणि आतून घासून धुतली. कशासाठी ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून माझ्या घरी आला. आत आला नाही, ओट्यापाशी उभा राहिला. मागची विहीर तिथून दिसत होती. बायका पायऱ्या उतरून घागरी भरत होत्या. तो तिकडं बघत राहिला.

"आपल्या विभागात हिरीचं पाणी एकाच भांड्यात येतंय," तो म्हणाला. "ते मला पहिल्या महिन्यापासनं ठाऊक हाय. कावीळ बी ठाऊक हाय."

मी ओट्यावर सतरंजी टाकली. तो उभाच राहिला.

"मला सुरईचं काय न्हाई अण्णा. कुणी काय प्यावं ते ज्याचं त्यानं बघावं. मी कुणाला सांगणार बी न्हाई. तुम्ही फकस्त एवढं म्हना, की बशी सुकली व्हती आन् मी पाणी घातलं. कुठलं, ते कुणी इचारायचं न्हाई."

"इचारतील की. हिरीचा किडा निघालाय."

"मंग म्हना, चुकून घातलं. चूक कुणाची बी व्हती." मग तो म्हणाला, "मला सायक्लॉप ओळखू येत न्हाई म्हनायलेत. मुलं मला हिरीचे सर म्हनायलीत. आमच्या बापाच्या नडगीतनं काडीला गुंडाळत गुंडाळत नारू काढलेला मी बघितलाय. सायक्लॉप मला ओळखू येत न्हाई?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो न्हाई. सांगता का?"

"सांगतो म्हनलो ना."

त्यानं मान हलवली आणि सायकल वळवली. त्याला पटलं होतं की नाही कोण जाणे. मला त्या वेळी खरोखर वाटलं होतं, की मी सांगेन.

जूनमध्ये संस्थेच्या कचेरीत मुलाखत झाली. त्याआधी मला आत बोलावलं. टेबलामागं तिघं-चौघं होते, आमचे प्रमुख एका बाजूला. मला विचारलं, "तुम्ही शेजारी काम करता. हे गावाला गेल्यावर त्या बशीत कुणी काही घातलं का?"

वाक्य तयार होतं. रात्रभर घोकलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष शेजारच्याला हलकेच म्हणाले, "यांचं सांगणं भरवशाचं, हे आपल्यातलेच. बोलतात समतेचं, पण पाणी अजून घरचंच पितात." दोघं हसले. ते मला चांगलं म्हणत होते. माझ्या काविळीवर तिथं कुणाचाच विश्वास नव्हता; सगळ्यांनाच माहीत होतं, आणि ते त्यांना आवडत होतं. लपवण्यासारखं माझ्यापाशी काही उरलंच नव्हतं. तरी मी म्हणालो, "नाही. बशीला कुणी हात लावला नाही."

मी बाहेर आलो तेव्हा तो बाकावर बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी घड्याळ बघितलं आणि पुढं गेलो.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याची तात्पुरती नेमणूकही पुढं चालवली नाही. तो आपली पुस्तकं न्यायला आला त्या दिवशी मी रजा टाकली होती. पुढं तो कमलनगरकडच्या एका शाळेत लागल्याचं कळलं. मुलांना विज्ञान शिकवायचा. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. आणि हिरीचे सर हे नाव त्याच्याआधी तिथं पोचलं होतं. आमच्याच कॉलेजातली पोरं त्या भागातली होती.

इथं माझा गुन्हा संपला असता तर तो भित्र्या माणसाचा गुन्हा झाला असता. पुढचं त्याहून वाईट आहे.

राज्याचं नाव कर्नाटक होऊन बराच काळ लोटला. प्रमुख निवृत्त झाले आणि खुर्ची, कपाटाची किल्ली, दोन्ही माझ्याकडं आल्या. एका रविवारी मी प्रयोगशाळेत एकटाच होतो. बरणी काढली. झाकण मेणानं घट्ट होतं, आतल्या पिचकाऱ्या शाबूत. एक बाहेर काढून चिरली. जाळीच्या पहिल्याच घडीत ती होती. कुबड, पाठीत अंडी, शेपटीला आकड्या. पाय पसरून पाचव्या पायापर्यंत जाण्याइतका हात मला कधीच नव्हता, पण ओळखायला तेवढं लागत नव्हतं. दुसरी चिरली. तिच्यात दोन होत्या. त्यानं सांगितलं होतं तंतोतंत तसं. त्या वेळी लिहिलं असतं, त्याला बोलावलं असतं, बरणी घेऊन परीक्षकांकडं गेलो असतो, तर ठपका पुसता आला असता; ते तेव्हा हयात होते. मी झाकण लावलं, कुलूप लावलं आणि जेवायला गेलो. जेवलोही.

त्यानंतर काही दिवसांनी औरादच्या आठवडी बाजारात तो समोर आला. केस पिकलेले, खांद्यावर पिशवी, पिशवीत वांगी आणि मेथी. पळायला जागा नव्हती.

"काय सर, बरं हाय का?"

"हाय. तू?"

"चाललंय." त्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एक इचारू का? ती बरणी हाय का अजून? कारवारची."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला त्या जिवाबद्दल विचारायचं होतं. इतक्या वर्षांनी, बाजारात मेथी घेताना, त्याला ते आठवत होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "फुटली. विभाग नव्या इमारतीत हलवताना."

"समदी?"

"समदी."

"बरं," तो म्हणाला. मग थोडं हसून, "माझं जाऊ द्या. पण पाचवा पाय राहिला बघा. समदं त्याच्यावर व्हतं," असं म्हणून तो गर्दीत शिरला.

मी गुलबर्ग्याला परत आलो आणि सोमवारी पहिलं काम ते केलं. इमारतीच्या मागं मुरमाड जागा होती. तिथं बरणी रिकामी केली. फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी आलं, मला खोकला लागला. पिचकाऱ्या मुरमावर पडून राहिल्या. मग बरणी दगडावर आपटली. त्याला जे सांगितलं होतं ते असं खरं करून ठेवलं. शिपाई बदललेला होता, नवा. त्यानं विचारलं, "साब, क्या था उसमें?" मी म्हणालो, "कुछ नै. सड गया था."

तो गेल्याचं मला उशिरा कळलं. मी त्याच्या गावी गेलो. त्याची बायको भेटली, अंगणात तूर पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. तिला नाव माहीत होतं. मी तिला सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढं सगळं, बरणीसकट. ती पाखडायची थांबली नाही. मी म्हणालो, मला हे लिहायचंय, त्यांच्या नावानिशी छापायचंय, म्हणजे लोकांना कळेल.

"कुन्या लोकास्नी?" तिनं विचारलं.

"कॉलेजातल्या. इथल्या," मी म्हणालो.

"हितं आमी आलो तवा पोरास्नी शाळंत चिडवायचे, तुज्या बापानं हिरीतला किडा समुद्रातला म्हनून खपवला. पोरं घरी येऊन मारामाऱ्या सांगायची. ते काय बोलायचे न्हाईत. नुसतं म्हनायचे, किडा समुद्रातलाच व्हता." तिनं सूप खाली ठेवलं. "आता ते समदे म्हातारे झाले, मेले. पोरं पुन्याला गेली. कुनाला याद न्हाई. तुमी नाव छापलं की परत निघंल. कुनी आर्दं वाचंल, आर्दं सांगंल. नाव घालू नका."

"पण मग ते निर्दोष होते हे कसं कळायचं?"

"त्यास्नी ठाऊक व्हतं. मला ठाऊक व्हतं. तुमाला ठाऊक व्हतं." ती सूप उचलून पुन्हा पाखडू लागली. "राहिलं कोन?"

मी तिच्या शब्दाबाहेर गेलो नाही. म्हणून या लिखाणात त्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही, कॉलेजाचंही नाही. ज्याचं नाव स्वच्छ करायला हे लिहिलं, त्याचंच नाव यात घालता येत नाही. माझंही घातलेलं नाही, कारण माझ्यावरून त्याचं कळेल. वाचणाऱ्याला हे अर्धवट वाटेल. ते अर्धवटच आहे. मी तेव्हा बोललो असतो तर पूर्ण झालं असतं.

एवढं मात्र लिहून ठेवतो. कारवारच्या खडकांवरून आणलेल्या पिचकाऱ्यांच्या आत तो जीव होता. त्यानं तो शोधला. बशीतला सायक्लॉप माझ्या हातून पडला. नंतर मी स्वतः दोन पिचकाऱ्या चिरल्या, आणि त्यांत तो जीव मी पाहिला.